यादी कोण करणार? महिला कर्मचारी-बंदीनंतर एका अफगाण मदतसंस्थेचं प्रकरण

सुरुवातीला दोन ओळी

खाली संस्था एकच दाखवली आहे. तपशील मात्र अफगाणिस्तानच्या मध्य डोंगराळ भागात त्या काळात सारखंच काम करणाऱ्या संस्थांचे मिळून घेतले आहेत. गाव, प्रांत, माणूस ओळखू येईल असं काही ठेवलेलं नाही. आदेश आणि त्यांच्या तारखा जशा आहेत तशाच दिल्या आहेत.

पार्श्वभूमी

१५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबान काबूलमध्ये शिरले. ३० ऑगस्टच्या रात्री अमेरिकेचं शेवटचं लष्करी विमान उडालं. पुढे बायकांच्या हक्कांचं काय झालं हे सांगताना बहुतेकजण बंद शाळांपासून सुरुवात करतात, आणि ते बरोबरच आहे. पण संस्था चालवणाऱ्यांना रोज जाचत होती ती दुसरी गोष्ट. स्त्री-पुरुषांना समान मानणारी २००४ची राज्यघटना आणि महिलांवरील हिंसाचाराविरुद्धचा २००९चा कायदा वापरातून गेले, आणि त्यांच्या जागी आलं मकतूब. मकतूब म्हणजे मंत्रालयाचं पत्र. पानभर मजकूर, खाली सही-शिक्का. व्याख्या नाहीत, अपवाद नाहीत, दाद कुठे मागायची याचा पत्ता नाही. असं पत्र सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं आणि दुपारी नाक्यावरचा शिपाई त्याचा अर्थ लावू लागतो.

पत्रांचा क्रम थोडक्यात असा. १७ सप्टेंबर २०२१ला महिला व्यवहार मंत्रालयाच्या इमारतीवर ‘अम्र बिल मारूफ’, म्हणजे सदाचार खात्याचा फलक चढला. डिसेंबर २०२१मध्ये टॅक्सीवाल्यांना सांगण्यात आलं की ७२ किलोमीटरपलीकडे एकट्या बाईला नेऊ नका. २३ मार्च २०२२ला मुलींच्या माध्यमिक शाळा उघडल्या आणि त्याच दिवशी पुन्हा बंद झाल्या. मे २०२२च्या पडद्याच्या फर्मानात चूक बाईची आणि शिक्षा घरच्या पुरुषाला, अशी तरतूद आली. २० डिसेंबर २०२२ला विद्यापीठांचे दरवाजे मिटले. बहुतेक सरकारी कार्यालयांतल्या बायका आधीच घरी बसल्या होत्या. पगाराची नोकरी करायला मदतसंस्था हे फार थोड्या उरलेल्या ठिकाणांपैकी एक होतं.

आपल्या प्रकरणातली संस्था अफगाण, अर्थ मंत्रालयाकडे (वित्त खातं नव्हे, अर्थव्यवस्थेचं मंत्रालय) नोंदणी झालेली. चार वुलुसवालींत (आपल्या तालुक्यांसारखे भाग) तिचं काम चाले. हिवाळ्यात धान्य आणि रोख रक्कम वाटणं, शाळा नसलेल्या वस्त्यांवर प्राथमिकचे वर्ग चालवणं आणि एक फिरतं आरोग्य-पोषण पथक. कर्मचारी शंभरच्या आसपास, त्यातला तिसरा हिस्सा बायका.

त्या बायका नेमकं काय करत हे आधी समजून घ्यावं लागेल, कारण सगळं प्रकरण त्याच्यावर उभं आहे. धान्यवाटपाचं काम गोणी उचलण्यापासून सुरू होत नाही, यादीपासून सुरू होतं. गावची शूरा (पंचायत) किंवा मलिक (गावप्रमुख) नावं देतो. मग संस्थेची माणसं घरोघरी जाऊन पडताळणी करतात: घरात खाणारी तोंडं किती, कमावतं कोण, चूल एक की दोन. विधवेच्या घरात परका पुरुष पाऊल ठेवू शकत नाही. तिच्या अंगणाच्या भिंतीपलीकडे जाऊन ‘दिराची चूल वेगळी आहे का?’ हे विचारणं फक्त बाईलाच जमतं. शिवाय अनेक बायकांकडे स्वतःचा तझकिरा, म्हणजे ओळखपत्र नसतं. त्यांची ओळख नवऱ्याच्या किंवा बापाच्या कागदावर. अशा वेळी नोंद करणाऱ्या बाईने पाहिलेली वस्तुस्थिती हाच तिचा पुरावा.

समस्या

२४ डिसेंबर २०२२, शनिवार. अफगाणिस्तानात कामाचा आठवडा शनिवारीच सुरू होतो. अर्थ मंत्रालयाचं मकतूब आलं: देशी-परदेशी सर्व बिगरसरकारी संस्थांनी महिला कर्मचाऱ्यांचं काम पुढील सूचनेपर्यंत थांबवावं, हिजाबचे नियम पाळले जात नसल्याच्या गंभीर तक्रारी आहेत, न ऐकणाऱ्या संस्थेचा परवाना रद्द होईल. दुसऱ्याच दिवशी सेव्ह द चिल्ड्रेन, नॉर्वेजियन रेफ्युजी कौन्सिल आणि केअर यांनी मिळून काम थांबवल्याचं जाहीर केलं. बायकांशिवाय गरजूंपर्यंत पोचताच येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

मोठ्या संस्थांना जाहीर निवेदन परवडतं. आपल्या संस्थेच्या गोदामात गोण्या येऊन पडल्या होत्या आणि दोन वुलुसवालींकडे जाणाऱ्या खिंडी बर्फाने बंद व्हायला जेमतेम दोन-तीन आठवडे उरले होते. २०२३साठी संयुक्त राष्ट्रांनी २ कोटी ८३ लाख लोकांना मदत लागेल असा अंदाज धरला होता, म्हणजे देशाची दोन तृतीयांश लोकसंख्या. थांबण्याचीही किंमत होती.

पत्रात काय नव्हतं तेही पाहायला हवं. आरोग्यसेविका धरायच्या की नाही? घरी बसून काम केलं तर ते ‘काम’ होतं का? पगार द्यायचा का? गावातली शिक्षिका स्वतःच्याच घरात वर्ग घेत असेल तर ती ‘कर्मचारी’ आहे का? यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर नव्हतं. संस्थेने पहिले चार दिवस हे प्रश्न काबूलला विचारण्यात घालवले.

पर्याय

व्यवस्थापनाच्या बैठकीत पाच वाटा मांडल्या गेल्या. पहिली, सगळं थांबवणं. तत्त्व म्हणून ही सगळ्यांत सरळ वाट, आणि तिच्या बाजूने बोलणाऱ्यांत महिला कर्मचारीच जास्त होत्या: आज पुरुषांकडून काम चालतं हे दाखवलंत तर उद्या आम्हाला परत कोण घेईल? हा मुद्दा शेवटपर्यंत कुणाला खोडता आला नाही. विरुद्ध बाजूचा मुद्दा असा की हा निर्णय कंदाहारच्या, म्हणजे तालिबानच्या सर्वोच्च नेत्याच्या, पातळीवरचा होता, आणि एका प्रांतातल्या संस्थेने काम थांबवल्याने तिथे कुणाचंही पान हलणार नव्हतं.

दुसरी वाट, फक्त पुरुषांकडून वाटप. तिसरी, बायकांनी घरून फोनवर आणि कागदावर काम करायचं. चौथी, आरोग्य आणि प्राथमिक शिक्षणाला सूट मिळेल अशी कुणकुण होती, तिची वाट पाहायची आणि शक्य तितक्या बायकांना त्या कामात वळवायचं. पाचवी, काबूल सोडून थेट वुलुसवालाशी, म्हणजे तालुक्याच्या प्रशासकाशी, बोलणी करायची.

संस्थेने एक वाट निवडली नाही. थोडं सगळंच केलं, आणि गोंधळाची सुरुवात तिथेच झाली.

पहिला निर्णय: पुरुषांकडून वाटप करून पाहणं

बर्फाच्या भीतीने दोन गावांत पुरुष कर्मचाऱ्यांनी यादी केली. यादी मशिदीत बसून झाली, कारण परक्या पुरुषांना बसायला दुसरी जागा नव्हती. मलिक नावं सांगत गेला, संस्थेचा कर्मचारी लिहीत गेला. कागदावर सगळं ठीक होतं: रकाने भरलेले, अंगठे उठलेले.

वाटपाच्या दिवशी काय झालं ते असं. एका विधवेच्या घराची नोंद तिच्या दिराच्या घरात मिसळली होती, कारण ‘घरातला कर्ता पुरुष कोण’ या रकान्यात कुणीतरी पुरुष लिहायलाच हवा होता. दुसऱ्या घरी वय वर्षं अकराचा मुलगा कुटुंबप्रमुख ठरला. तो रांगेत उभा राहिला, त्याचा अंगठा घेतला गेला. पिठाची गोणी ५० किलोची. पूर्वी बायकांसाठी वेगळा दिवस असे. तिघी-चौघी मिळून एक गाढव भाड्याने घेत, आणि संस्थेच्या बायका दोरीआड बसवून एकेकीचं टोकन तपासत. आता त्या मुलाची गोणी चुलत्याने उचलली. ती कुठल्या चुलीपाशी उतरली हे विचारायला जाणारं संस्थेत कुणी नव्हतं.

यात कुणी चोरी केली असं म्हणणं अन्यायाचं होईल. मलिकाच्या लेखी दिराच्या घरात मोजलेली विधवा सांभाळलेलीच होती. मदतीच्या हिशोबात मात्र ती नाहीशी झाली. म्हणून बाई कर्मचारी काढली की पुढची बाई यादीतून गळते, आणि तसा आदेश कुणाला काढावा लागत नाही.

दुसरा निर्णय: घरून फोन

वाटपानंतरची चौकशी घरी बसलेल्या महिला कर्मचाऱ्यांकडे दिली. कल्पना चांगली, पण पहिल्या आठवड्यात ती फसली. बहुतेक सिमकार्डं मुलाच्या किंवा दिराच्या नावावर असतात, फोन त्याच्याच खिशात. बाईपर्यंत पोचला तरी स्पीकर चालू. ‘तुम्हाला पूर्ण गोणी मिळाली का?’ याचं उत्तर देताना शेजारी गोणी नेणाराच बसलेला असेल, तर ती ‘हो’च म्हणणार.

मग पद्धत बदलली. फोन सकाळी दहा ते बारा, पुरुष बाहेर असतात तेव्हा. सुरुवात पिठाच्या प्रतीपासून: रोटी फुगते का, कोंडा किती. ज्याला काही लपवायचंय त्याला या प्रश्नांत काही वावगं वाटत नाही. पुढचे प्रश्न असे रचले की ‘हो’, ‘नाही’ किंवा एखादा आकडा पुरे. ‘पीठ किती दिवस पुरलं?’ यावरून किती हाती आलं ते आपोआप निघतं. सहा जणांच्या घराला ५० किलो दहा दिवसांत संपलं असं कुणी सांगितलं, तर पुढे काही विचारायची गरज उरत नाही.

घरून कामाचे बाकीचे त्रास वेगळेच. वीज दिवसातून काही तास. इंटरनेटचा खर्च पगारातून. आणि संस्थेचा लॅपटॉप घरात असणं हाच धोका, कारण घरझडत्या होत होत्या. शेवटी लॅपटॉप परत घेतले. छापील फॉर्म, साधा फोन, फॉर्मचा फोटो पाठवला की फोनमधून पुसायचा आणि कागद चुलीत. दर आठवड्याला हे केलं की नाही याची विचारणा ठेवली.

तिसरा निर्णय: तोंडी परवानगी

जानेवारी २०२३च्या सुरुवातीला आरोग्य खात्याकडून तोंडी आश्वासन मिळालं आणि पाठोपाठ प्राथमिक शिक्षणालाही. संयुक्त राष्ट्रांच्या उपमहासचिव अमिना मोहम्मद आणि मदतकार्य प्रमुख मार्टिन ग्रिफिथ्स त्याच महिन्यात येऊन गेले. लेखी मार्गदर्शक सूचना तयार होत आहेत असं सांगण्यात आलं, पण त्या काही आल्या नाहीत. सेव्ह द चिल्ड्रेन आणि केअरने सूट मिळालेल्या क्षेत्रांत जानेवारीच्या मध्यापासून काम सुरू केलं. आपल्या संस्थेचं फिरतं पथकही बाहेर पडलं: सुईण, परिचारिका, पोषण समुपदेशक.

धान्यवाटपाला सूट नव्हती. तिथे प्रत्येक वुलुसवालीत वेगळी बोलणी झाली. वुलुसवालालाही आपल्या भागात धान्य हवं होतं, आणि गावातल्या म्हाताऱ्यांना परक्या पुरुषांनी घरात डोकावणं नको होतं. बायका पाठवा, असं म्हणणारे म्हातारेच निघाले! एका वुलुसवालाने मान हलवली: बायका येऊ देत, मेहरम (घरचा पुरुष) बरोबर असू दे, माझ्याकडे कागद मागू नका.

दुसऱ्या वुलुसवालीत संस्थेने कागद मागितला. देणगीदाराच्या लेखापरीक्षकाला दाखवायला हवा होता. अर्ज प्रांताच्या अर्थ संचालनालयात गेला, तिथून काबूलला, आणि तीन आठवड्यांनी उत्तर आलं: मकतूबप्रमाणे वागावं. तोवर जी डोळेझाक चालू होती तीही संपली. या प्रकरणातली सगळ्यांत महाग चूक हीच. जो अधिकारी तोंडी ‘हो’ म्हणतो तो स्वतःचा बचाव ठेवून म्हणतो. लेखी मागितलं की त्याला ‘नाही’ म्हणणं भाग पडतं. पहिल्या वुलुसवालीत संस्थेने शहाणपण केलं होतं. परवानगीचं पत्र न मागता बैठकीचं स्वतःचं टिपण ठेवलं: तारीख, कोण हजर, कुठल्या कामावर बोलणं झालं. लेखापरीक्षकाने शेवटी तेच मान्य केलं.

तोंडी परवानगीचा दोष उघड आहे. ती खुर्चीला नसते, माणसाला असते. मेमध्ये तो वुलुसवाल बदलला आणि बोलणी पहिल्यापासून करावी लागली.

मेहरमचं गणित

मेहरम म्हणजे ज्याच्याशी लग्न होऊ शकत नाही असा जवळचा पुरुष नातेवाईक, किंवा नवरा. भारतातल्या महिलांना मेहरमशिवाय हजला जाण्याची मुभा २०१८पासून मिळाली, त्या बातम्यांमुळे शब्द ओळखीचा असेल. पथकासाठी त्याचा अर्थ फार ठोस होता. गाडीत चालक धरून पाच जागा. दोन सेविका आणि त्यांचे दोन मेहरम बसले की गाडी भरली. वजनकाटा, औषधांची पेटी, पोषण-पाकिटांची खोकी कुठे ठेवायची? दुसरी गाडी लागली. देणगीदाराच्या अंदाजपत्रकात ‘मेहरम’ नावाचं खातं नव्हतं. प्रवासभत्ता, जेवण, मुक्काम, सगळं अडकलं. संस्थेने काही मेहरमांना हमाल किंवा नोंदणी-मदतनीस म्हणून रोजंदारीवर घेतलं आणि खर्च वाहतुकीत दाखवला, देणगीदाराला आधी कळवून.

तोडगा चालला, आणि त्यातून नवा अन्याय झाला. एका वुलुसवालीतली सवलत म्हणून पत्करलेली अट चार महिन्यांत चारही ठिकाणी नियम बनली. पथकातली सर्वांत अनुभवी पोषणसेविका विधवा, वडील वारलेले, भाऊ इराणात मजुरीला. दंडपट्टी (कुपोषण ओळखायला दंडाचा घेर मोजणारी पट्टी) लावून पोर पिवळ्यात आहे की लालमध्ये (११.५ सेंटिमीटरच्या आत लाल, १२.५पर्यंत पिवळं) हे तिच्याइतकं बिनचूक मोजणारं कुणी नव्हतं, पण तिला बाहेर पडता येईना. तिची जागा जिला मिळाली तिची पात्रता काम येणं ही नव्हती, भाऊ असणं ही होती.

नावं मागितली तेव्हा

फेब्रुवारीत प्रांताकडून दोन याद्या मागवल्या गेल्या: लाभार्थ्यांची, आणि महिला कर्मचाऱ्यांची तझकिरा क्रमांकासह. नकार दिला तर वाटप थांबलं असतं. संस्थेने गावागणिक संख्या दिली, नावं दिली नाहीत. अधिकाऱ्यांना वाटपाच्या जागी हजर राहायला बोलावलं. महिला कर्मचाऱ्यांच्या यादीऐवजी पदांची यादी दिली. एका ठिकाणी लाभार्थ्यांची यादी समोर बसून दाखवली आणि बरोबर परत आणली. विधवा घरांची गावनिहाय यादी चुकीच्या हाती पडली तर काय होईल हे त्या भागात समजावून सांगावं लागत नाही.

काय निष्पन्न झालं

चार वुलुसवालींपैकी दोनमध्ये वाटपाच्या कामावर महिला परतल्या, बाकी दोनमध्ये नाही. आरोग्य पथक चारही ठिकाणी फिरत राहिलं. प्राथमिक वर्गांचं उलटंच झालं. जून २०२३मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थांना त्यांचे ग्रामीण वर्ग अफगाण संस्थांकडे सोपवायला सांगण्यात आलं, आणि आपल्या संस्थेच्या पदरात आणखी वर्ग पडले. शिक्षिका तेवढ्याच, पर्यवेक्षिकेला फिरायला मेहरम नाही.

मधल्या काळात, एप्रिल २०२३च्या सुरुवातीला, हीच बंदी संयुक्त राष्ट्रांच्या अफगाण महिला कर्मचाऱ्यांवरही आली. २७ एप्रिलला सुरक्षा परिषदेने एकमताने तिचा निषेध केला. त्या ठरावाने वुलुसवालीत काही बदललं नाही. उलट, आधी डोळेझाक करणारे अधिकारी बिचकले. त्याच वसंतात निधी आटल्याने जागतिक अन्न कार्यक्रमाला मोठ्या प्रमाणावर रेशन कापावं लागलं, त्यामुळे परवानगी असूनही वाटायला कमी उरलं.

घरी बसवलेल्या महिलांना संस्थेने सहा महिने पूर्ण पगार दिला, नंतर अर्धा. काहींनी स्वतःहून सोडलं, काही कुटुंबासह पाकिस्तानात गेल्या. ऑगस्ट २०२४मध्ये ३५ कलमांचा सदाचार कायदा आला. डिसेंबर २०२४च्या शेवटी अर्थ मंत्रालयाने महिलांना कामावर ठेवणाऱ्या संस्था बंद करण्याचा इशारा पुन्हा दिला. त्याच महिन्यात सुईण आणि परिचारिकांचं शिक्षण देणाऱ्या संस्थांतून मुलींना घरी पाठवण्यात आलं. आजची सुईण निवृत्त झाली की तिच्या जागी कोण, हा प्रश्न तेव्हापासून या पथकाच्या प्रत्येक बैठकीत असतो.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं, पदांऐवजी कामांची यादी आधीच तयार हवी होती. घरात शिरून पडताळणी, टोकन तपासणी, दंड मोजणं, तक्रार ऐकणं: यातलं कुठलं काम बाईशिवाय होऊच शकत नाही आणि कुठलं नुसतं सवयीने तिच्याकडे आहे? विद्यापीठांवरची बंदी चारच दिवस आधी आली होती. त्याही आधी सोळा महिने वारा कुठून वाहतोय हे दिसत होतं. तरी ही यादी जानेवारीत, घाईत झाली.

दुसरं, पुरुषांकडून वाटपाचा प्रयोग दोन गावांत करायचाच होता तर जुनी, बायकांनी केलेली यादी हातात घेऊन करायला हवा होता. नवी यादी करण्याची गरजच नव्हती. जुनी नावं, नवं वाटप, एवढ्यावर तो हिवाळा निभावला असता.

तिसरं, काबूलला प्रश्न विचारणं. अस्पष्ट पत्राचं स्पष्टीकरण मागितलं की ते बहुधा कडकच मिळतं. यावर मतभेद आहेत. स्पष्टता मागितली नाही तर आपणच मनमानीला मदत करतो, असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं वजनदार आहे. पण त्या हिवाळ्यात ज्यांनी विचारलं नाही त्यांची पथकं जास्त दिवस फिरली.

चौथं, मेहरमची अट कुठल्याही अधिकाऱ्याने घालण्याआधी संस्थेने स्वतःहून पुढे करायला नको होती. एका वुलुसवालीत बोलणी सोपी व्हावीत म्हणून ती संस्थेच्याच प्रतिनिधीने मांडली होती.

एक गोष्ट मात्र नीट झाली. फोनवरच्या चौकशीतून जे कळलं त्यावरून संस्थेने नोंदणीचा फॉर्म बदलला. ‘घरातला कर्ता पुरुष’ हा रकाना काढून ‘चूल कोण सांभाळतं’ असा केला, आणि शेवटी आणखी एक रकाना घातला: ही माहिती कुणी दिली. ज्या दोन वुलुसवालींत बायका पडताळणीला जातात तिथे त्या रकान्यात ‘स्वतः’, ‘सासू’, ‘मुलगी’, ‘शेजारीण’ अशी उत्तरं येतात. बाकी दोन ठिकाणी पान वरपासून खालपर्यंत एकाच शब्दाने भरलेलं असतं: मलिक.